दर्यो मोठो, विहीर जवळ

पत्र

मी मालवणजवळ देवबागला राहते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमचं घर. पाच वर्षांपूर्वी मागच्या बाजूला सहा खोल्या काढल्या. सीझनला मुंबई-पुण्याची मंडळी येतात. करोनापासून एक झालंय, फिनेलचा वास आल्याशिवाय लोकांना खोली स्वच्छ वाटतच नाही. म्हणून रोज दोन वेळा काळ्या फिनेलने लादी पुसायची, संडासात ॲसिड टाकायचं, चादरींच्या शेवटच्या पाण्यात डेटॉल घालायचं. पाच लिटरचा कॅन आठवडाभरात संपतो.

सासूबाई म्हणतात, खाडीत आता पहिल्यासारख्या तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, मिळत नाहीत, त्या तुमच्या या वासाच्या पाण्यामुळे. ह्यांचं म्हणणं, "एवढो मोठो दर्यो, तेका दोन बादल्यांनी काय होवचा नाय." घरात रोज हाच वाद. त्यात गेल्या वर्षापासून विहिरीत टीसीएल टाकलं की पाण्याला कसलासा औषधासारखा वास येतो, दोन दिवस चहासुद्धा पिववत नाही. पुतण्या पाहुण्यांना सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगला नेतो. एका बाईंनी त्याला सांगितलं की सनस्क्रीनने प्रवाळ मरतात, तुम्ही 'रीफ-सेफ' क्रीम ठेवा. त्याची ट्यूब नऊशे रुपयांना! यातलं खरं काय आणि आम्ही नक्की काय करावं?

— एक वाचक, देवबाग

उत्तर

ताई, तुम्ही तिसऱ्यांबद्दल विचारलंत, प्रवाळांबद्दल विचारलंत, आणि विहिरीचं वाक्य मध्येच सहज लिहून गेलात. मी मात्र त्या वाक्याशीच अडले. एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली, त्यामुळे नाक अजून तिकडेच जातं. म्हणून आधी विहीर, मग खाडी, मग समुद्र.

टीसीएल म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. ती टाकल्यावर पाण्याला स्विमिंग पूलसारखा वास आला तर घाबरायचं कारण नाही, तो क्लोरीनचा वास. तुम्ही मात्र औषधाचा वास म्हणताय. पाण्यात फिनॉलच्या कुळातलं काही असेल आणि त्याला क्लोरीन भेटला, तर क्लोरोफिनॉल तयार होतात, आणि त्यांचा वास दवाखान्याच्या कपाटासारखा येतो. नुसतं फिनॉल नाकाला कळायला पाण्यात ते बरंच असावं लागतं. क्लोरोफिनॉल त्याच्या शेकडो पटींनी कमी असला तरी चहाच्या पहिल्या घोटाला कळतो. म्हणूनच एरवी पाणी ठीक लागतं आणि टीसीएल पडलं की बिघडतं. आता हे फिनॉलच्या कुळातलं विहिरीत आलं कुठून? काळ्या फिनेलच्या कॅनवरचं बारीक अक्षर वाचा. डांबरापासून निघणारी क्रेसॉलसारखी द्रव्यं त्यात असतात, आणि ती याच कुळातली.

तुमच्या पत्रावरून मी पैज लावणार नाही, पण संशय पक्का आहे. खोल्या मागच्या अंगाला काढल्यात, म्हणजे शोषखड्डाही तिकडेच असणार. देवबागची जमीन निव्वळ वाळू. कातळावर पाणी वाट शोधत बसतं, वाळूतून ते सरळ चालू लागतं. शोषखड्डा आणि विहीर यांच्यात निदान साठ फूट अंतर हवं, आणि वाळूत त्याहून जास्त असलेलं बरं. टेप घेऊन मोजा. आमच्याकडे लोक पावलांनी मोजतात, आणि पावलं नेहमी आपल्या सोयीची पडतात.

तोवर तीन गोष्टी करा. काळं फिनेल आजपासून बंद. पिण्याचं पाणी नळयोजनेचं किंवा दुसऱ्या विहिरीचं घ्या, कारण उकळल्याने हा वास खात्रीने जात नाही. आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला गाठून नमुना प्रयोगशाळेत पाठवा. पण नुसतं "पाणी तपासा" म्हणाल तर जंतू, क्षार, नायट्रेट असं नेहमीचंच तपासून येईल. फॉर्मवर "फिनोलिक संयुगं" असं लिहून मागा. त्या प्रयोगशाळेत ती सोय नसेल तर कुठे आहे ते तिथेच विचारा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात त्यांची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. ती इतकी कडक ठेवण्यामागे हा वासही आहेच.

एक मात्र कराल, ते करू नका. वास येतो म्हणून टीसीएल टाकणं थांबवू नका. शोषखड्ड्याचं पाणी विहिरीत येत असेल तर त्याबरोबर जंतूही येतायत, आणि जुलाब-काविळीपुढे फिनेलचा वास काहीच नाही. फक्त मापात टाका. हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची पावडर लागते. दहा फूट रुंद विहिरीत दहा फूट पाणी असेल तर पावडर पन्नास-पंचावन्न ग्रॅम पुरते. आमच्या वाडीत एक गृहस्थ नारळाच्या करवंटीने टाकायचे, अंदाजे! पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ तेवढं दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडायची आणि दोराने वरखाली हलवायची. हे रात्री करावं, म्हणजे सकाळपर्यंत पाणी वापरायला तयार.

आता तुमच्या सेप्टिक टाकीकडे. हा अनुभव माझाच. आईच्या आजारपणात मी घर नुसतं जंतुनाशकात बुडवून ठेवलं होतं. मोरी, संडास, बेसिन, सगळीकडे दिवसातून तीनदा. जी सेप्टिक टँक सात-आठ वर्षं उपसावी लागली नव्हती, ती वर्षाच्या आत तुंबली. मैला उपसायला आलेल्या गाडीवाल्याने झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाला, "बाई, टाकी मेलीय तुमची." मला रसायनशास्त्र येत होतं, टाकी त्याला कळत होती. टाकीतला मैला जिरवतात ते जिवाणूच. आपण वरून त्यांना मारायचं औषध ओततो, आणि मग न जिरलेलं पाणी शोषखड्ड्यातून तसंच पुढे जातं. तुमच्याकडे पुढे म्हणजे वाळू, आणि वाळूपुढे एकीकडे विहीर, एकीकडे खाडी.

आणि खाडीपाशी तुमच्या यजमानांचा मुद्दा येतो. दर्यो मोठो, खरंच आहे ते. पण तुमचं पाणी आधी खाडीत जातं, आणि खाडी म्हणजे दर्या नव्हे. ओहोटीला जे बाहेर गेलं त्यातलं बरंच भरतीला परत येतं. शिवाय सगळंच पाण्यात राहत नाही. सुगंधी फ्लोअर क्लीनरच्या बाटलीवर "बेन्झाल्कोनियम क्लोराइड" असं नाव दिसेल. या जातीच्या रसायनांना क्वाट म्हणतात. त्यांच्यावर धन विद्युतभार असतो आणि चिखलाच्या कणांवर ऋण, म्हणून ती गाळाला चिकटून बसतात. न्यूयॉर्क शहराला लागून जमैका बे नावाची खाडी आहे. २०१० च्या आसपास तिथल्या संशोधकांनी गाळ तपासला, तर शहराच्या सांडपाण्यातून आलेल्या क्वाटांचं प्रमाण इतर बऱ्याच सेंद्रिय प्रदूषकांहून जास्त निघालं. गाळाचे थर वर्षांप्रमाणे वाचले तर केसांच्या कंडिशनरमधले क्वाट वाढत गेलेले दिसले. शॅम्पूनंतर केस मऊ करणारं ते दोन बोटांवरचं मलम, त्याचीही खाडीच्या तळाशी नोंद होते.

चिखलात राहणाऱ्या, पाणी गाळून पोट भरणाऱ्या जिवांना हे जास्त जाचणार, हे उघड आहे. तिसरी दिवसभर पाणी आत घेते, त्यातलं खाणं ठेवते, पाणी बाहेर टाकते. कालवं, शिनाणे यांचंही तेच. पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगातून जातं आणि चरबीत विरघळणारं असेल तर थोडं राहतं. साबणातले कृत्रिम कस्तुरीसारखे वास असेच शिंपल्यांत आणि माशांत सापडले आहेत.

मग सासूबाई जिंकल्या का? अर्ध्याच. तिसऱ्या कमी झाल्या त्या तुमच्या फिनेलमुळे, असं मी म्हणणार नाही, आणि कोणी छातीठोकपणे म्हणालं तर विश्वास ठेवू नका. वाळूउपसा, बदललेला गाळ, बंधारे, बोटींची वर्दळ, आणि लहान तिसऱ्याही न सोडता केलेली वेचणी, इतकी कारणं एका खाडीत असताना सगळं खापर तुमच्या बादलीवर फोडणं अन्यायाचं. तिसऱ्या खाव्यात की नाही, असं मनात असेल तर खा. पण गटार, ओहोळ किंवा शोषखड्ड्याचं पाणी खाडीला मिळतं त्या तोंडापाशी वेचू नका, आणि पुरत्या उघडेपर्यंत शिजवा. तिथे आधी भीती मैल्यातल्या जंतूंची आहे, रसायनाची नंतर.

सासूबाईंनाही एक सांगा, हळू आवाजात. रिठ्याचा फेस नैसर्गिक असतो, पण त्यातल्या सॅपोनिनने मासे मरतात. पूर्वी लोक ओढ्याच्या डोहात अशीच झाडपाल्याची विषं कालवून मासे धरायचे. तेव्हा "आमच्या वेळी सगळं शुद्ध होतं" हेही पुरतं खरं नाही. फरक इतकाच की तेव्हा घरात माणसं आठ होती आणि रिठे मूठभर. आता सीझनला तुमच्याकडे वीस-बावीस माणसं दिवसातून दोनदा आंघोळ करतात.

हिशोब करून बघा. आठवड्याला पाच लिटर, आणि सीझन तीस आठवड्यांचा धरला तर वर्षाला दीडशे लिटर. एका घराचं. यातली बरीच द्रव्यं पाण्यात हळूहळू मोडतात, हे कबूल. पण गळक्या बादलीवर नळ चालूच ठेवला तर बादली रिकामी होत नाही. खाडीतल्या जिवांना रोज तितकंच भेटत राहतं.

जंतुनाशक साबणांचंही थोडं सांगते, कारण खोल्यांत तेच ठेवत असाल. ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बान ही दोन नावं लेबलवर शोधा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये घरगुती जंतुनाशक साबणांतून या दोघांसह एकूण १९ द्रव्यं काढायला सांगितली. साध्या साबणापेक्षा ती अधिक काम करतात हे कंपन्यांना दाखवता आलं नव्हतं, हे त्यामागचं मोठं कारण. ट्रायक्लोसान पाण्यातल्या शेवाळाला फार थोड्या प्रमाणातही मारक असतो आणि उन्हात मोडताना त्यापासून डायॉक्सिन या विषारी कुळातलं एक द्रव्य बनू शकतं. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या डॉल्फिनांच्या रक्तात तो सापडला, आणि आपल्याकडे तामिळनाडूत कावेरी, वेल्लार, ताम्रपर्णी या नद्यांच्या पाण्यातही. म्हणजे समुद्राच्या वाटेवर तो आहेच. साध्या साबणाने वीस सेकंद हात धुतले की झालं, आणि साबण स्वस्तही पडतो.

आता घरात काय करायचं? लादीला गरम पाणी, बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा, नंतर साध्या पाण्याचा एक हात, आणि दारं-खिडक्या उघड्या टाकून लादी सुकवायची. कोरड्या लादीवर जंतू फार टिकत नाहीत. ओल्या लादीवर फिनेलचा थर असला तरी दुपारपर्यंत कुबट वास सुटतोच. चादरी उन्हात. मालवणचं ऊन फुकट मिळतंय, त्यावर डेटॉल कशाला? संडासाला ब्रश आणि थोडं क्लीनर, रोज अर्धी बाटली नको. पाहुण्यांपैकी कोणाला उलट्या-जुलाब झाले, तर मात्र त्या खोलीत हात आखडू नका. तिथे ब्लीच हवंच, हातमोजे घालून, कॅनवर लिहिलेल्या मापाने. औषध आजारासाठी असतं, वासासाठी नसतं.

एक ताकीद, आणि ही कामाला असलेल्या मुलांना स्वतः समोर बसवून द्या. संडासाचं ॲसिड आणि ब्लीच किंवा टीसीएल कधीही एकत्र करायचं नाही, एकामागोमाग एकही ओतायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये माणूस जागेवर कोसळू शकतो. दोन्ही कॅन एका फळीवर ठेवू नका.

न्हाणीचं पाणी टाकीत सोडलं असेल तर वेगळं काढा. आपल्याकडे न्हाणीच्या मागे अळू आणि केळ असायचीच. साध्या साबणाचं पाणी वाळूतून, मुळांतून गेलं तर पुष्कळ निवळतं. माडाच्या आळ्यात सोडलंत तरी चालेल. मात्र विहिरीपासून लांब, आणि फिनेल-ब्लीचवालं पाणी तिकडे नाही. अळवाची पानं कडेने करपायला लागली तर समजा, बादलीत परत कोणीतरी काहीतरी ओततंय.

वासाची सवय झालेल्या पाहुण्यांचं काय, हा तुमचा खरा धंद्याचा प्रश्न. खोलीत गवती चहाची जुडी ठेवा आणि दाराच्या आत एक पाटी लावा: "ही खोली गरम पाण्याने धुऊन उन्हात सुकवली आहे. आमची विहीर आणि तिसऱ्यांची खाडी शंभर पावलांवर आहे, म्हणून आम्ही फिनेल वापरत नाही." लोक वाचतात. निम्मे त्या पाटीचा फोटोही काढतील.

राहिली सनस्क्रीन. त्या बाईंचं म्हणणं पोकळ नाही. ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री हवाईने १ जानेवारी २०२१ पासून बंद केली. त्याआधी वर्षभर पलाऊ या चिमुकल्या देशाने दहा द्रव्यांवर बंदी आणली होती, आणि २०२१ मध्येच थायलंडने आपल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत अशी क्रीम बंद केली. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी यामागची एक गंमत उलगडली, गंमत कसली, क्रूर थट्टाच. समुद्रफूल हे प्रवाळाचं चुलत भावंड. त्याच्या अंगात ऑक्सिबेन्झोनला साखर जोडली जाते, आणि जे द्रव्य आपल्या कातडीला उन्हापासून वाचवतं तेच तिथे उन्हात विषारी होतं. त्याच्या अंगात राहणारं शेवाळ ते विष बरंचसं स्वतःकडे साठवून त्याला वाचवतं. पाणी तापून शेवाळ निघून गेलेले, पांढरे पडलेले प्रवाळ म्हणूनच आधी मरण्याची भीती जास्त.

आणि पाणी तापतंय. मालवणच्या प्रवाळांवर ब्लीचिंगच्या, म्हणजे असं पांढरं पडण्याच्या, नोंदी आहेत, आणि एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या चौथ्या मोठ्या ब्लीचिंगची घोषणा झाली. तेव्हा प्रवाळ सनस्क्रीनमुळे मरतायत असं म्हणणं म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला डास चावला म्हणून रडणं. पण तापात डासही नकोच. १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालेल्या पाण्यात, किल्ल्याच्या तटाजवळच्या त्या उथळ जागेवर, सुट्टीच्या दिवशी शेकडो माणसं अंगाला क्रीम फासून उतरतात. तिथे जागा लहान आणि माणसं फार, हे विसरायला नको.

नऊशेची ट्यूब ठेवू नका. "रीफ-सेफ" या शब्दाला कायद्याची ठरलेली व्याख्या नाही, कोणीही छापू शकतो. मागची यादी वाचायची. ऑक्सिबेन्झोन कधी "बेन्झोफिनोन-३" या नावाने असतो, ऑक्टिनॉक्सेट "एथिलहेक्झिल मेथॉक्सिसिनामेट" या नावाने. झिंक ऑक्साइडवाली घेतली तर त्यातल्या त्यात बरं, पण तीही कमीच लावायची. पुतण्याला म्हणावं, पूर्ण बाह्यांचे पोहायचे टी-शर्ट भाड्याने ठेव. पाठ, खांदे, दंड झाकले की क्रीम उरतं तोंडापुरतं आणि पोटऱ्यांपुरतं. ट्यूब एकदा विकली जाते, टी-शर्ट धुऊन सीझनभर भाडं देतो. शिवाय त्याने पाहुण्यांना प्रवाळावर पाय ठेवू दिला नाही आणि नांगर वाळूतच टाकला, तर ते कोणत्याही क्रीमहून जास्त उपयोगाचं.

तुमच्या सहा खोल्यांनी अरबी समुद्र सुधारणार नाही, हे मलाही कळतं. मुंबईत वरळी आणि वांद्र्याला शहराच्या मोठ्या भागाचा मैला नुसता चाळून, कचरा-वाळू काढून, किनाऱ्यापासून साडेतीनेक किलोमीटर आत समुद्रात सोडायची व्यवस्था कैक वर्षं चालत आली. त्यात किती शॅम्पू, किती फिनेल, याचा हिशोब तुमच्या बादलीने मांडता यायचा नाही. पण ती विहीर तुमची आहे.

म्हणून एवढं करा. काळं फिनेल बंद केल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. वाळूत मुरलेलं लगेच जाणार नाही, बहुतेक एक पावसाळा जावा लागेल. त्यानंतर पहिल्यांदा टीसीएल टाकाल तेव्हा सकाळी तांब्याभर पाणी काढून सासूबाईंना आणि यजमानांना, दोघांनाही वास घ्यायला लावा. कोण काय म्हणालं ते मला कळवा, आणि टेपने मोजलेलं अंतरही.